सासऱ्यांचा खिळा

सासऱ्यांच्या घराचं वायरिंग जावयानेच नवं केलं होतं. आता चाचणी घेऊन सर्टिफिकेट भरायचं तेवढं राहिलं होतं. सासरे निवृत्त हेडमास्तर. ते शेजारीच खुर्ची टाकून बसले आणि फॉर्ममधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू लागले.

स्वयंपाकघर पास झालं, झोपायची खोलीही पास झाली. बैठकीच्या खोलीची लाइन मात्र साफ नापास! मीटरचा काटा शून्यावरून हलेना.

"काल तर ठणठणीत होती," जावई चक्रावला.

"काम करताना लक्ष हवं, जावईबापू," सासऱ्यांनी सुनावलं.

बिचाऱ्याने एकेक स्विच उघडून पाहिला, घामाघूम झाला. शेवटी वर नजर गेली, तर सासऱ्यांचा सत्काराचा फोटो आज सकाळीच भिंतीवर विराजमान झालेला! त्याचा खिळा थेट आतल्या वायरीत घुसला होता.

सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. जावई 'दोषाचं कारण' या रकान्याकडे वळताच ते हळूच म्हणाले, "नुसतं 'खिळा' लिहा. कोणी ठोकला ते कशाला?"

"नावानिशी लिहा, जावईबापू!" आतून सासूबाई कडाडल्या. "चाळीस वर्षांत यांची चूक पहिल्यांदाच कागदावर येतेय."

जावयाने वायर बदलली आणि रकाना खरा भरला. सासूबाईंनी त्याची झेरॉक्स मागून घेतली.