नोएमीच्या मापाची गोंडोला

मारिनो गेला त्याला अकरा महिने झाले होते आणि त्याचा बाप बोर्तोलो एकदाही रडला नव्हता. लोकांनी वाट पाहिली. दफनाच्या दिवशी पाहिली, महिन्याच्या प्रार्थनेला पाहिली, मग कंटाळून जो तो आपल्या कामाला लागला. बोर्तोलोही लागला. सकाळी सहाला कालव्याकाठची बोटी बांधायची शेड उघडायची, उभ्याउभ्या कॉफी घशाखाली ओतायची, रंधा हातात घ्यायचा. त्याला दुःख होत होतं असं म्हणावं तर तसंही नाही. काहीच होत नव्हतं. तासणीने अंगठा कापला तर रक्त फळीवर पडलेलं दिसल्यावर कळायचं.

चौतीस वर्षांचा धडधाकट मुलगा. ऑगस्टमधल्या एका दुपारी धक्क्यावर गोंडोला लावून उतारूंची वाट बघत बसला होता, तो बसल्या जागीच कलंडला. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. बोर्तोलोने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी राहिलेली बोट पूर्ण करायला घेतली.

मारिनोच्या पाठची नोएमी. सप्टेंबरात तिने गोंडोला चालवायची परीक्षा पास केली. व्हेनिसमध्ये बायका वल्हं मारतात, पण गोंडोला चालवून पोट भरणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्याकडे बघणारे डोळे मात्र शेकड्याने. बापासमोर उभं राहून ती म्हणाली होती, "बाबा, मला बोट बांधून द्या. घरात तुम्ही असताना मी दुसऱ्याच्या दारात जाऊ का?"

"वजन सांग," बोर्तोलो म्हणाला होता.

"छप्पन्न."

गोंडोला सरळ नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिची डावी बाजू फुगीर, उजवी आखूड. रिकामी असली की ती उजवीकडे कललेली असते, आणि वल्हवणारा मागे डाव्या अंगाला उभा राहिला की त्याच्या भाराने सावरते. म्हणून माणसाचं वजन विचारल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हे बोर्तोलोच्या आजोबांपासून चालत आलेलं. कोट शिवण्याइतकंच ते माणसागणिक वेगळं काम. त्याने खडूने फळ्यावर छप्पन्न लिहिलं आणि कामाला लागला.

ओकच्या बरगड्या कापल्या. फळ्यांवर पाणी मारत, बोरूच्या जाळावर शेकत त्यांना बाक दिला. काळ्या रंगाचे हात चढवले. चाळीस वर्षं त्याच्याबरोबर राबणारा गिल्दो अधूनमधून काही बोलायचा. बोर्तोलो हूं म्हणायचा. हात आपलं काम चोख करत होते, आणि हातांना डोकं लागत नाही, असं त्याला वाटायचं.

जुलैतल्या एका गुरुवारी बोट पाण्यात उतरवली. रविवारी नोएमीचा धक्क्यावरचा कामाचा पहिला दिवस होता. त्या दिवशी स्वतःची बोट घेऊन हजर राहिली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. धक्क्याच्या म्होरक्याने हे तिला तीन वेळा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा हसत.

नोएमी मागच्या फळीवर चढली. वल्हं अडकवलं. बोट उजवीकडे कलली ती तशीच राहिली.

"पाय जरा बाहेर घे, पोरी," गिल्दो काठावरून ओरडला.

"आणखी बाहेर घेतला तर पाण्यात पडेन, काका!"

तिने वल्हं मारलं. बोट धड सरळ जाईना. चार हात जाऊन भिंतीकडे वळली. तिने सावरली, तर पुन्हा वळली. समोरच्या पायऱ्यांवर दोन गोंडोलावाले सिगारेट ओढत बसले होते.

"ओ बाई," एकजण ओरडला, "बोट दारू पिऊन आलीय की तुम्ही?"

"तुझ्या आईला विचार, तिनेच ओतली!" नोएमी ओरडली. दोघेही हसले. ती हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

बोर्तोलोने काठ आणि पाणी यांमधलं अंतर पाहिलं. उजवीकडे किती, डावीकडे किती. असं अंतर पाहून भार सांगण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. कुठली बोट आपण बांधली, ते त्याला तेव्हा कळलं. धक्का बसायला हवा होता. बसला नाही.

नोएमी बोट काठाला लावून वर आली. "कुणाच्या मापाची बांधलीत?"

गिल्दोने टोपी काढून पुन्हा घातली.

"मारिनोच्या," बोर्तोलो म्हणाला. "चौऱ्याऐंशी."

"समोर फळ्यावर छप्पन्न लिहिलंय."

"लिहिलंय."

"दहा महिने, बाबा! रोज ते वाचत होतात ना?"

"वाचत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने काहीतरी म्हणावं, निदान चुकलं म्हणावं, यासाठी थांबली असावी. बोर्तोलो वाकून उजव्या काठाचं अंतर पुन्हा बघू लागला.

"पिशवीत वाळू भरून डाव्या अंगाला ठेवू," गिल्दो मध्ये पडला. "अठ्ठावीस किलो. बोट सुतासारखी चालेल."

"म्हणजे दादाला पायाशी घेऊन फिरू मी? रोज?"

"रोज नाही गं. रविवार निभावायचा आहे ना तुला? की त्या म्होरक्याला पेढे वाटायला लावतेस?"

नोएमीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "एक रविवार. त्यानंतर ही बोट मी पायानेही शिवणार नाही. विका कुणा जाड्याला."

गिल्दोने शेडमधल्या काट्यावर वाळू तोलली. दोन पिशव्या तिच्या पायाजवळ रचल्या. नोएमी पुन्हा चढली. बोट सावरली, पण पुरती नाही. उजवा काठ अजून दोन बोटं खाली होता.

"वाळू कमी भरलीस," बोर्तोलो म्हणाला.

"दोनदा तोलली."

"मग कमी का पडतेय? अजून पाच किलो मागतेय ती."

"मग तुझंच चुकलं असेल. म्हातारा झालास."

हे मात्र बोर्तोलोला पटेना. मुलाच्या मापाची बोट त्याने बांधली होती खरी, पण ती नेमकी चौऱ्याऐंशीच्या भाराला बसणारी होती, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. हात असे चुकत नाहीत. त्याने बोट पाहिली, पिशव्या पाहिल्या. मग पिशव्यांशेजारी उभी असलेली मुलगी पाहिली.

"वर ये," तो म्हणाला. "काट्यावर उभी राहा."

"आता कशाला?"

"राहा म्हणतो ना."

बूट न काढताच ती काट्यावर चढली. बोर्तोलोने वजनं सरकवली. पुन्हा मागे घेतली. मग चष्मा लावून पाहिलं.

"एक्कावन्न."

"मग?"

"छप्पन्न सांगितलं होतंस."

"तेव्हा होते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. सदरा खांद्यांवरून घसरत होता. गळ्याची हाडं वर आली होती. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं, वेडंवाकडं, घरीच पाडलेलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा बोर्तोलोला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

"कधीपासून नीट जेवत नाहीस?"

नोएमी काट्यावरून उतरली नाही. "रोज रात्री तुमच्या समोरच बसते मी, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ताट तसंच उचलून नेते. तुमच्या समोरून."

बोर्तोलोने तिचं मनगट धरलं. त्याची बोटं मनगटाभोवती वळसा घालून एकमेकांवर चढली. गिल्दो बोटीतून विचारत होता, पाच किलो आणखी टाकू का, काय ते एकदा सांग. त्याने दोनदा विचारलं. बोर्तोलोला ऐकू येत होतं, पण तोंड उघडलं तर आवाज कसा निघेल याची खात्री नव्हती, म्हणून तो मनगट धरून उभा राहिला.