पन्नास तुझे, पन्नास माझे

मी चेंडू फेकणारी मशीन बोलतेय. तीन पाय, दोन रबरी चाकं आणि त्या चाकांमध्ये एक फट, एवढाच माझा संसार. फटीत अमेरिकन फुटबॉलचा तो लांबट चेंडू सरकवला की चाकं त्याला पकडतात आणि समोर भिरकावतात. समोर उभा असतो रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलणं हेच ज्याचं काम, असा पोरगा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण ते काही आठवत नाही. मला समज आली ती इथेच, अलाबामातल्या या कॉलेजच्या सरावाच्या शेडमध्ये. शेजारी कपडे धुण्याची खोली आहे. त्यामुळे कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाची मैत्रीण रुसली, कुणाच्या आईचा फोन आला, सगळं माझ्या कानावर येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण येतं ते कानावर, त्याला काय करणार.

एक मात्र आहे. मी एकटी काहीच करू शकत नाही. कुणीतरी मागे उभं राहून मला एकेक चेंडू भरवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत बाकीची पोरं पांगली की शेडमध्ये उरतात ती जागेसाठी जिवाचं रान करणारीच. मग ती आपसात ठरवतात, पन्नास तुझे, पन्नास माझे. तू झेल, मी भरवतो, मग उलट. ज्याला मागे टाकायचं त्यालाच आपल्या हाताने पुढे करायचं, ही रीत मी इथे बघितली.

मैदानात एका वेळी रिसीव्हर तीन, आणि आमच्याकडे अकरा. दर गुरुवारी कोच हॉलिस शेडच्या दाराला यादी चिकटवतात. यादी बघायला आलोय असं कुणी दाखवत नाही. एकाच्या बुटाची नाडी नेमकी दारापाशी सुटते, दुसऱ्याला तिथेच खोकला येतो.

क्विन्सी टिब्ज चौथ्या वर्षाला होता. शेवटचं वर्ष. आधीची तीन वर्षं यादीत सहावा नाही तर सातवा. संघाने लाथ मारून चेंडू पलीकडे पाठवला की धावत जाऊन समोरच्याला पाडायचं, इतकंच त्याच्या वाट्याला यायचं. त्याची आई, मिस लोरेन, मिसिसिपीत कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. दर शुक्रवारी फोनवर विचारायची, "उद्या खेळणार आहेस, की नुसता पळणार आहेस?"

"पळणं पण खेळणंच असतं, ममा."

"पळायला तर माझ्या कोंबड्या पण पळतात. चेंडू हातात येईल तेव्हा सांग."

फोन ठेवला की तो हसायचा. मग थोडा वेळ हसायचा नाही. आईने एकदा तरी आपल्याला चेंडू झेलताना बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या वर्षी वरची पोरं कॉलेज संपवून गेली आणि तिसरी जागा मोकळी झाली. क्विन्सीचीच आहे असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात मार्सेल ओडम आला. अठरा वर्षांचा, गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब हात. पहिल्याच दिवशी जोडीदार म्हणून क्विन्सीच्या गळ्यात पडला.

"आजोबा, आधी तुम्ही. थकायच्या आत उरकून घ्या."

"ये, बाळ्या. दूध पिऊन आलायस ना?"

ऑगस्ट असाच गेला, उकाडा आणि टोमणे. पोरं भली होती.

एका मंगळवारी सरावात क्विन्सीची करंगळी कुणाच्या तरी खांद्यावर आपटली. त्याने ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधली, वर हातमोजा चढवला आणि कुणाला सांगितलं नाही. ही पोरं सांगतच नाहीत. डॉक्टरांकडे गेलं की ते चार दिवस बसवतात, आणि चार दिवसांत यादीतलं नाव कुठल्या कुठे जातं.

पण मला कळलं. चांगला झेल मऊ वाजतो, उशीवर उशी पडल्यासारखा. त्या दिवशी क्विन्सीचे झेल टणक वाजत होते. दहातले चार खाली पडले.

मागे उभ्या मार्सेललाही ते दिसलं. त्याने माझ्या वेगाचं गोल बटण हळूच पंचावन्नवरून पंचेचाळीसवर आणलं. पुढचे सगळे चेंडू क्विन्सीच्या हातात बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"बोट बरं होतंय वाटतं," क्विन्सी म्हणाला.

"कुठलं बोट?" मार्सेल म्हणाला. असा भोळा चेहरा मी आजवर पाहिला नाही.

मला वाटलं, किती गुणी पोरगं. खरंच वाटलं. पुढे काय होणार ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी आपसातला सामना होता आणि त्यावरच यादी ठरणार होती. त्या सामन्यात चेंडू मी फेकत नव्हते. फेकणाऱ्या पोराच्या हाताला गोल बटण नसतं. क्विन्सीकडे पाच चेंडू आले, त्यातले तीन पडले. मार्सेलकडे सहा आले, सहाही राहिले.

गुरुवारी यादी लागली. मार्सेल तिसरा, क्विन्सी पाचवा.

जेवणाच्या सुट्टीत मार्सेल आला तो मान खाली घालून. "माझ्यामुळे झालं. मी वेग कमी करत होतो. तुम्हाला वाटलं बोट बरं झालं. मी कोचना जाऊन सांगतो."

क्विन्सी माझ्या चाकावरची धूळ पुसत होता. "चार वर्षं हिच्यासमोर उभा आहे मी. हिचा आवाज उतरला तर मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"झेल बसत होते रे. बरं वाटत होतं." त्याने दुसरं चाक पुसायला घेतलं. "कोचला काही सांगायचं नाही. जागा तू झेलून घेतलीस. आता मला डॉक्टरकडे घेऊन चल, एकट्याने जायची लाज वाटते."

हाड चिरलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. त्या पाच आठवड्यांत एका हाताने तो मला चेंडू भरवत राहिला, मार्सेलसाठी, आणि वेग साठच्या खाली एकदाही आणला नाही. "बाळ्या, हात पुढे काढ, छातीवर घेऊ नकोस. छातीवर बाळं घेतात." प्लास्टर निघालं तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता आणि तिसरी जागा पक्की मार्सेलची झाली होती.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाची पोरं त्या दिवशी आईवडिलांचा हात धरून मैदानात चालत येतात, आईला फुलं देतात. मिस लोरेन जांभळा कोट घालून आली होती. मला नेहमीसारखं पोरांचे हात गरम करण्यापुरतं बाहेर आणलं होतं आणि मग बाकामागे ढकलून दिलं होतं. बरंच झालं. मला सगळं दिसत होतं.

आम्ही वीस गुणांनी मागे पडलो. चौथा, म्हणजे शेवटचा भाग सुरू झाला तशी माणसं उठू लागली. तरी कोच हॉलिस हट्टी, पहिले तिघे शेवटच्या शिट्टीपर्यंत तेच.

दमलेल्या खेळाडूने डोक्यावरच्या टोपावर हात मारायचा, म्हणजे बाकावरून बदली धावत येतो. पण आमचे रिसीव्हर मेले तरी हात मारत नाहीत. एकदा बाहेर आलं की बदली आलेला जागा परत देईल कशावरून? आणि कोच ते लक्षात ठेवतात.

सहा मिनिटं उरली असताना मार्सेलने टोपावर हात मारला. एकदा नाही, दोनदा. नीट दिसेल असा.

कोचने चौथ्या नंबरच्या पोराकडे बघितलं. ते शहाणं पोर बुटाची नाडी बांधायला खाली वाकलं. मग क्विन्सी गेला.

"दमलास?" कोचने मार्सेलला विचारलं.

"यस सर."

"चार महिन्यांत तुला धाप लागलेली मी पाहिली नाही."

"आज लागली, सर."

कोच त्याच्याकडे बघत राहिले. "परत कधी जाणार?"

"अजून लागतेच आहे, सर."

क्विन्सी नऊ वेळा धावला. आठ वेळा चेंडू दुसरीकडे गेला. नवव्या वेळी आला, जरा मागे, जरा खाली. त्याने हात पुढे काढले, वाकडी राहिलेली करंगळी धरून दहाही बोटं चेंडूवर बसली. सहा यार्ड पुढे जाऊन तो पडला. गुणफलकावर काही बदललं नाही.

मी बाकामागून ऐकलं. मऊ वाजला.

मिस लोरेन उभी राहिली नाही. फुलं मांडीवर घट्ट धरून त्याच्याकडेच बघत बसून राहिली. तिच्या आसपासच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आता माझी चाकं झिजलीत, डावं जरा थरथरतं. माझ्या जागी नवी आणायचं बोलणं चाललंय. ते होईल तेव्हा होईल. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. सामना हातातून गेला, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघू, असं म्हणून उठू नका. शेवटची सहा मिनिटं बसा. तेवढ्याचसाठी कुणीतरी चार वर्षं थांबलेलं असतं.