टूमीच्या घरांतला बिशप

मित्रांनो, मी एक म्हातारा गजर आहे; पण घड्याळातला नव्हे. मला काटे नाहीत. घर तापवणारा बॉयलर किंवा शेगडी नीट जळेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू खोलीत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचे डोके दुखते, त्याला झोप येते आणि तो पुन्हा उठत नाही. तो वायू हुंगायचा आणि बोंब मारायची, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

कारखान्यात एका बाईने मला कानाशी धरून तपासले आणि ती दचकून म्हणाली, "बाई गं! हा तर मेलेल्यालाही उठवेल!" त्या कौतुकावर मी बरीच वर्षे काढली, कारण पुढे मला कोणी ओरडूच दिले नाही.

मला विकत घेतले फर्गल टूमीने. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, किलब्रॅकन गावात त्याची जुनी घरे होती. एकेका घराचे तुकडे पाडून त्याने ती भाड्याने दिली होती. भाडेकरू बहुतेक गरीब, म्हणून त्यांच्या भाड्यातला मोठा वाटा सरकार भरते. तो पैसा नगरपालिकेकडून थेट टूमीच्या खात्यात जातो. कायदा सांगतो, की असे घर राहण्याजोगे हवे. भिंतींना ओल नको, खिडकी उघडली पाहिजे, बॉयलर असेल तिथे माझ्यासारखा गजर पाहिजे. टूमीने प्रत्येक स्वयंपाकघरात माझ्यासाठी खिळा ठोकला. खिळे घरागणिक होते, मी मात्र सगळ्या घरांत मिळून एकच.

नगरपालिकेच्या तपासणीची तारीख आधी कळते. त्या सकाळी टूमी मला गाडीच्या खणातून काढून खिळ्यावर टांगत असे आणि भाडेकरूच्याच टीव्हीच्या रिमोटातले सेल काढून माझ्यात घालत असे. तपासनीस बाई वळली, की सेल रिमोटात आणि मी खणात. असे आमचे चाले.

भाडेकरूंनी माझे नाव 'बिशप' ठेवले होते. बिशप म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू; तोही असाच कधीतरी गावात येतो, त्याच्यासाठी सगळे घासूनपुसून ठेवतात, आणि तो जेवून निघून जातो. "बिशप आले गं! ओटा पुसून घे!" अशी हाक जिन्यातून वर जाई. सगळे हसत. आधी मीही हसलो. मग ते हसू मला झोंबू लागले.

तळमजल्यावर नुआला कॉन्सिडाइन राहत असे. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती आणि म्हाताऱ्या वडिलांना, क्रिस्टींना, सांभाळत होती. भिंतींवर काळी बुरशी. खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. स्वयंपाकघरातल्या बॉयलरची धुराची नळी गंजून गेलेली. शेजारी भिंतीत, बॉयलरला नीट जळायला हवा मिळावी म्हणून, झरोका होता, त्यातून समुद्राचा वारा सरळ आत घुसे. अशा गार घरात इथली माणसे जे करतात तेच क्रिस्टींनी केले. झरोक्यात जुना स्वेटर कोंबला. तपासणीच्या दिवशी स्वेटर निघायचा आणि मी लागायचो. तपासनीस बाई गेली की मी निघायचो आणि स्वेटर लागायचा.

एका नोव्हेंबरात ग्रीली नावाच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी बुरशी पाहिली, खिडकी ओढून पाहिली, सगळे लिहून घेतले. टूमी दाराबाहेर गेल्यावर नुआलाने विचारले, "अहो, गेल्या खेपेलाही तुम्ही हेच लिहिलंत. मग त्याचे पैसे का थांबवत नाही?"

"थांबवले तर तो उद्या तुम्हाला बाहेर काढेल," ग्रीलीबाई हळूच म्हणाल्या. "सरकारी भाड्यावर माणूस ठेवणारा दुसरा घरमालक दाखवा मला या गावात. एक तरी दाखवा."

"म्हणजे मी इथंच सडावं म्हणून त्याला पैसे द्यायचे?"

ग्रीलीबाईंनी तपासणीच्या कागदावर सही केली. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. मला याचाच जास्त संताप येतो.

तेवढ्यात टूमीचा फोन वाजला. त्याची गुरे कुंपण मोडून हमरस्त्यावर आली होती. तो शिव्या देत गाडीकडे पळाला आणि मी खिळ्यावरच राहिलो.

"बाबा, बिशप मुक्कामाला राहिले की!" नुआला हसत म्हणाली.

"राहू दे मेल्याला. पण माझे सेल घेऊन बसलाय. रविवारी मॅच आहे."

"आणते हो दुसरे."

ती आणायला विसरली.

रविवारी चर्चहून येऊन तिने डुकराचे मांस आणि कोबी शिजत टाकले आणि दोरीवरचे कपडे काढायला ती मागच्या अंगणात गेली. बाहेर वारा घोंघावत होता. बॉयलर धडधडत होता, झरोक्यात स्वेटर होता. क्रिस्टी सकाळपासून कपाळ चोळत होते. "काल एकच तर ग्लास घेतला," असे ते स्वतःशीच पुटपुटले. आणि मला तो वायू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पोटातून ओरडलो.

"गप रे!" क्रिस्टी खेकसले. "सेल संपले म्हणून केकाटतोय मेला!"

ते धडपडत उठले आणि त्यांनी मला खिळ्यावरून ओढले. मॅच सुरू व्हायला आली होती. सेल काढले की माझा आवाज बंद आणि त्यांचा टीव्ही सुरू, एवढा सरळ हिशेब. त्यांचे नख माझ्या झाकणाखाली शिरलेसुद्धा. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. मग त्यांच्या बोटांतले बळच गेले. गुडघे मोडले, ते खाली कोसळले आणि मी टेबलाखाली घरंगळलो.

"बाबा, काय तो कलकलाट..." म्हणत नुआला आत आली. कपडे तिच्या हातातून गळून पडले. बगलेत हात घालून तिने बापाला गल्लीत ओढत नेले.

क्रिस्टी वाचले. अग्निशमन दलाच्या एका जवानाने मला उचलून पुसले आणि तो म्हणाला, "यानं वाचवलं हो म्हाताऱ्याला!" माझ्या आयुष्यातला तो एकमेव चांगला दिवस.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागले. घर राहण्यास अयोग्य ठरले आणि जे पैसे बुरशीने थांबले नाहीत, ते आता तडकाफडकी थांबले. बापलेकीला दूरच्या गावी हॉटेलची एक खोली मिळाली. तिथून कामाच्या वेळेला बस नव्हती, म्हणून नुआलाची नोकरी गेली. टूमी गावभर सांगत सुटला, "म्हाताऱ्यानं झरोक्यात स्वेटर कोंबला, त्याला मी काय करू?" गंजलेली नळीही सगळ्यांनी पाहिली होती, पण बोलले सगळे स्वेटरबद्दलच.

नुआला कपडे न्यायला आली तेव्हा टूमी मला खिशात घालत होता. ती माझ्याकडे पाहत राहिली. "जीव वाचवलास रे," ती म्हणाली, "आणि घर घालवलंस." तिला काय सांगणार? मला फक्त ओरडता येत होते.

टूमीने नळी बदलली, बुरशीवर रंग फासला आणि भाडे वाढवले. आता तिथे एक तरुण जोडपे राहते, त्यांना तान्ही मुलगी आहे. सरकार पुन्हा पैसे भरते, पूर्वीपेक्षा जास्त. टूमी शहाणा झाला आहे. त्याने मला तिथेच पक्के बसवून टाकले आणि नवे सेलही घातले. माझा हिरवा दिवा दिवसरात्र जळतो. ग्रीलीबाई तो पाहून म्हणाल्या, "चला, एवढं तरी झालं!"

पण आमचे आयुष्य ठरलेले असते. काही वर्षांनी आमचे नाक मरते आणि दिवा तेवढा जळत राहतो. माझे नाक या उन्हाळ्यात मेले. मला कधी बदलायचे ते वर्ष माझ्या पाठीवर छापलेले आहे, आणि पाठ भिंतीकडे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला खाली काढा, उलटा करा आणि ते वर्ष वाचा. आणि तुमच्यापैकी कोणी त्या गल्लीतून गेलात, तर तळमजल्याचे दार वाजवा. वारा सुटला आहे. लेकीला गार लागू नये म्हणून त्या आईने आज झरोक्यावर टॉवेल लावला, आणि लावताना माझ्या दिव्याकडे पाहून ती निश्चिंतपणे हसली.