करंगळीला टेकायला जागा

"मेली ही मूठ, आज पुन्हा हातात फिरली," बाई पुटपुटल्या. इतक्या जवळून, की त्यांच्या श्वासाची ऊब मला लागली.

मित्रांनो, ती मेली म्हणजे मीच. मी एक जुनी लाकडी मूठ आहे, छोट्या पिस्तुलाची. बाई नेमबाजी शिकवतात. मला घडवलं त्यांच्या यजमानांनी. ते सुतार.

छोटं पिस्तूल दिसायला गोजिरवाणं, पण धरायला खट्याळ. दांडा आखूड, त्यामुळे करंगळी बिचारी खाली अधांतरी लोंबते आणि गोळी सुटली की पिस्तूल हातातून उसळतं. म्हणून सुतारांनी बाईंचा हात ओल्या मातीत दाबून ठसा घेतला आणि त्यावरून मला अक्रोडात कोरलं. तळहाताच्या खळगीत बसेल असा फुगवटा दिला. घामाने निसटू नये म्हणून बारीक खाचा पाडल्या. आणि तळाशी एक ओठ काढला, खास करंगळीला टेकायला.

"एवढ्या प्रेमाने आधी कधी माझा हात धरला नव्हता तुम्ही," बाई म्हणाल्या. सुतार लाजून पटाशी शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

काय दिवस होते ते! मी कुठे संपते आणि बाईंचा हात कुठे सुरू होतो, मलाही कळायचं नाही. "भरला पेला धरता तशी धरा," त्या शिकवायच्या. कुणी मुठीला नावं ठेवली की म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळी रांग हसायची.

गेल्या वर्षापासून मात्र मीच वाकडी ठरले. आधी जाड, मग गुळगुळीत, मग तिरकी. पिस्तूल नेमबाजी केंद्राच्या कपाटात कुलपात राही आणि मी सुटी होऊन बाईंच्या पिशवीतून, चष्म्याच्या घराशेजारी बसून, घरी येई. "लाकूड फुगलं असेल," बाईंची बहीण म्हणे. "खाचा झिजल्या असतील," शिकणाऱ्या मुली म्हणत. खरं बोललं तर बाईंचं शिकवणं सुटेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुतार मला मांडीवर ठेवत आणि कानस चालवत. पण खरं सांगू? कानस मला कधी लागलीच नाही. ते शेजारची फळी घासायचे. मग माझ्यावर फुंकर मारून म्हणायचे, "आता बघ." आणि बाई म्हणायच्या, "हं, आता बरी वाटते."

मला तो जुना, निवांत हात हवा होता. हा हातही तोच होता, पण उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा.

आज बाईंची गोळी शेजारच्या मुलीच्या लक्ष्यावर लागली. त्या मुलीने गुपचूप आपला कागद उतरवून घडी घातली. तेव्हाची ती कुरकुर.

मित्रांनो, वस्तूंना तेल लावा, पुसा, जपा. पण आमच्यावर नको तो आळ घेऊ नका. आम्हाला उलट बोलता येत नाही.

संध्याकाळी सुतारांनी मला मांडीवर घेतलं. फळी ओढली. कानस सुरू झाली. बाई दारात उभ्या होत्या.

"अहो, किती घासाल ती फळी? भोक पडेल तिला."

कानस थांबली. "तुला माहीत होतं?"

"इतकी वर्षं तुमचं काम ऐकतेय. अक्रोडाचा आवाज असा नसतो."

त्यांनी मला उचललं. करंगळी हळूच ओठावर टेकवली. ती तिथेही ठरेना.

"बिचारीला उगाच बोलत राहिले," बाई म्हणाल्या. "अंगण सरळच आहे हो. मूठ छान आहे. माझा हात थरथरतो."