उतारावरची वाघीण

मी वाघीण बोलतेय. दचकू नका, जंगलातली नव्हे, रुळांवरची. मालगाडीच्या डब्याला तुम्ही माणसंच वाघीण म्हणता, आणि माझ्यासारख्या चार चाकांच्या लोखंडी पेटीलाही खाणवाल्यांनी तेच नाव चिकटवलं. नाव मोठं, लक्षण खोटं. मला ना दात, ना नखं. पोट मात्र मोठं होतं, आणि ते दगडांनीच भरायचं.

आम्ही दोघी जुळ्या. एकाच कारखान्यात, एकाच साच्यात ओतलेल्या चाकांवर उभ्या राहिलो आणि एकाच गाडीतून या डोंगरापाशी आलो. डोंगराच्या माथ्यावर तांब्याची खाण, पायथ्याशी दगड दळायचा कारखाना आणि मधे असा उतार की वरून बघणाऱ्याचे पाय लटपटावेत. त्या उतारावर शेजारी शेजारी दोन रूळवाटा घातलेल्या. माथ्यावर एक भलंमोठं चाक, त्यावरून गेलेला लोखंडी दोर, दोराच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्याला माझी बहीण.

इंजिन नव्हतं. भरलेली वाघीण स्वतःच्या वजनाने खाली जायची आणि रिकामीला वर ओढायची. विहिरीवरच्या रहाटासारखंच हे. ती खाली की मी वर, मी खाली की ती वर. आमची भेट फक्त अर्ध्या वाटेवर, आणि तीही एकमेकींना ओलांडून जाण्यापुरती. सख्ख्या बहिणींच्या नशिबी असं जगणं आलं, त्याला कोण काय करणार!

वर येताना मी पिण्याचं पाणी, पीठ, औषधं, नव्या नवऱ्या असं सगळं आणायचे आणि उतरताना आजारी माणसं न्यायचे. पायवाट होती, पण खाणीतला निकामी दगड टाकून टाकून ती केव्हाच बुजली होती. वरच्या वस्तीला खाली उतरायचं तर आम्हीच.

खालच्या कारखान्यात आधी बायका लांब बाकांपाशी बसून तांबं नसलेले वांझोटे दगड वेगळे काढायच्या, धान्यातले खडे निवडावेत तसे. उरलेला दगड लोखंडी जबड्यात जायचा. मग त्याचं पीठ पाण्यावर घोळवायचे. तांबं भट्टीकडे जायचं आणि राखाडी चिखल मागच्या तळ्यात. त्या तळ्यावर कधी पाखरू उतरलेलं मी पाहिलं नाही. जबड्यातून उडणारी धूळ मात्र त्या बायकांच्या छातीत उतरत होती.

आमचा सगळा जीव माथ्यावरच्या एका माणसाच्या हातात होता, खरं तर पायात. तो ब्रेकवाला. मोठ्या चाकाचा ब्रेक पायाने दाबून धरायचा. सगळे त्याला हळूबा म्हणायचे, कारण तो कुणालाच भरभर सोडत नसे. मुकादम ओरडायचा, "अरे, दगड आहेत ते, अंडी नाहीत!" हळूबा म्हणायचा, "दगडांना घाई नाही साहेब, तुम्हालाच आहे."

त्याची बायको खाली निवडणीला होती. रोज सकाळी ती माझ्यात दगडांवर फडकं टाकून बसायची. आमच्याकडे एक रीत होती. वाघिणीत माणूस असला की निघण्याआधी तारेची घंटा तीनदा वाजवायची. ती वर आणि खाली दोन्हीकडे ऐकू जायची. तीन ठोके म्हणजे आत जीव आहे, सांभाळून सोडा. तिच्यासाठी तर हळूबा इतकं हळू सोडायचा की इतर बायका तिला चिडवायच्या, "बाई गं, तुझ्या नवऱ्याच्या मायेपायी आम्हाला रोज उशीर!" ती हसायची. पुढे पुढे हसली की खोकायची.

मग तांबं संपलं. शनिवारी खाण बंद झाली. कंपनीने माणसं काढून घेतली आणि सोमवारी भंगारवाला दोर कापायला येणार असं सांगून टाकलं. ज्याला उतरायचं त्याने त्याआधी उतरावं. हळूबाने एकेक घर खाली सोडलं. भांडी, खाटा, म्हाताऱ्या, बकऱ्या. रविवारी दुपारी वर दोघंच उरली.

"तुम्ही आधी जा," ती म्हणाली.

"आणि ब्रेक तू धरणार? खोकून खोकून उभं राहता येत नाही तुला."

"मग तुम्हाला कोण सोडेल?"

"बघतो मी. तू खाली जाऊन बस. उद्या दवाखान्यात जायचंय."

त्याने तिला माझ्यात बसवलं. घंटा तीनदा वाजवली आणि जन्मात सोडलं नसेल इतकं हळू सोडलं. खाली पोचल्यावर ती उतरली आणि रुळांशेजारी गाठोड्यावर बसून राहिली. मीही तिथेच उभी होते.

पुढे त्याने काय केलं ते दोराला कळत होतं, म्हणून मलाही कळलं. उभ्या आयुष्यात ब्रेक दाबून त्याचे गुडघे गेले होते. दगडांच्या ढिगाऱ्यावरून उतरणं त्याला शक्यच नव्हतं. त्याने बहिणीच्या पोटात वजनाला दगड भरले. ब्रेक अर्धवट आवळून दोरीने बांधला. मग अंगवळणी पडलेली रीत त्याने पाळली. घंटा तीनदा वाजवली.

खाली ती पटकन उठली. "निघाले वाटतं!" म्हणून हसली. आणि मग हसता हसता थांबली.

"अहो, पण ब्रेकवर कोण?"

मी हलले. आधी हळू, मग वेगात, मग अशी खेचली गेले की चाकं रुळांवर टिकेनात. अर्ध्या वाटेवर बहीण भेटली. तो तिच्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खाली बायकोकडे बघत होता आणि दोन्ही हातांनी तिला खुणावत होता, बाजूला हो, बाजूला हो.

ती बाजूला झाली. म्हणून वाचली. हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

मी वर चाकावर आदळून उलटले आणि पाऊस खात वर्षानुवर्षं तशीच पडून राहिले. बहिणीचे तुकडे भंगारात गेले. मला मात्र अलीकडे खाली आणलं, रंगवलं, पोटात माती घालून फुलझाडं लावली आणि कारखान्याच्या जागी झालेल्या हॉटेलच्या दारात उभं केलं. शेजारी पाटी आहे. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

मागे एकदा ती आली. पार वाकलेली, भाचीच्या आधाराने. वाचता येत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

भाचीने वाचलं, "ही रूळवाट चालू असेपर्यंत इथे एकही माणूस दगावला नाही."

खोटं नाही ते. कंपनीच्या कागदावर वाट शनिवारीच बंद झाली होती आणि तो गेला रविवारी.

म्हातारीने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं म्हणतात होय? मग अजून वरच असतील ते."

"मावशी, चल आता."

"थांब गं जरा. उतरायला वेळ लागतो त्यांना."

भाचीने तिला ओढतच नेलं. वाचकहो, तुमच्या ओळखीत एखादी भट्टी असेल, तर मला त्यात घाला. माझे खिळे करा, तवे करा, काहीही करा. पण ती पुन्हा यायच्या आत मला इथून हलवा.