ऐंशीचे अठ्ठ्याण्णव

सकाळी सव्वादहाला विपुलभाई केबिनमधून उठून हर्षदाच्या टेबलापाशी आले, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिघडलंय. एरवी ते जागेवरूनच हाक मारत.

"पांडेसऱ्याच्या मिलमधून फोन होता," ते म्हणाले. "जेट मशीनचं झाकण पाणी गरम असतानाच उघडलं. ऑपरेटरचा हात भाजलाय, मनगटापर्यंत. आनंदा नाव त्याचं."

"किती भाजलाय?"

"दवाखान्यात आहे. हर्षदाबेन, आपल्याकडून काही झालंय का बघा."

उधना दरवाजाजवळच्या त्या ऑफिसात सात माणसं होती. कापड रंगवणाऱ्या मशिनींना चालवणारं सॉफ्टवेअर ते बनवत. जेट मशीन म्हणजे बंद पिंप. आत एकशेतीस अंशांच्या पाण्यात पॉलिस्टर फिरत राहतं. रंग बसला की पाणी थंड व्हायचं, ऐंशीच्या खाली आलं की कुलूप सुटायचं आणि मग ऑपरेटरने झाकण उघडायचं. हा नियम म्हणजे कोडमधली एक ओळ. हर्षदाने ती ओळ काढली. तिथे ऐंशी नव्हते. अठ्ठ्याण्णव होते.

आकडा दुरुस्त करायला एक मिनिट पुरलं असतं, पण त्याने काही भागणार नव्हतं. गावभर एकसष्ट मिलमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर होतं आणि प्रत्येक मशिनीत ते ज्या दिवशी बसवलं त्या दिवसाचं होतं. कुठे सहा वर्षांपूर्वीचं, कुठे गेल्या महिन्यातलं. आकडा नेमका कधी बदलला हे कळल्याशिवाय कोणत्या मिलमध्ये धोका आहे हे कळणार नव्हतं.

"सगळ्यांनाच फोन करूया," ती म्हणाली.

"एकसष्ट मिलना सांगू की मशीन थांबवा? ज्यांचं ठीक आहे त्यांनाही?" विपुलभाईंनी कपाळ चोळलं. "दुपारपर्यंत शोधा. मग करू."

"तोवर कोणी उघडलं तर?"

ते केबिनकडे वळले. हर्षदाने हट्ट धरला नाही, आणि ते तिला दिवसभर टोचत राहिलं.

कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल तारीख आणि नावासकट साठवलेला असतो. त्या ओळीपुढे योगिताचं नाव दिसत होतं. पण योगिताने गेल्या वर्षी फायली फक्त एका जागेवरून दुसरीकडे हलवल्या होत्या. त्याआधीचा माग तुटलेला. फायलींची नावं बदललेली, तुकडे जोडलेले, एकाच आकड्याला तीन ठिकाणी तीन नावं. मागे पडलेल्या नोंदी होत्या चौदाशे.

तिने मधली नोंद काढली, तेव्हाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या खोट्या मशिनीवर, म्हणजे मशिनीची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटरवर चढवलं, पाणी कागदोपत्री एकशेतीसला नेलं आणि खाली आणत गेली. कुलूप अठ्ठ्याण्णवला सुटलं. म्हणजे चूक त्याच्याही आधीची. मग उरलेल्यातली मधली. तिथे ऐंशीला सुटलं. म्हणजे नंतरची. असं अर्ध्याचं अर्धं करत गेलं की अकरा खेपांत सापडतं, हे तिला माहीत होतं. पण प्रत्येक खेपेला आठ-दहा मिनिटं लागत, आणि ती मिनिटं तिला खुर्चीत बसू देईनात. ती उठून खिडकीशी जायची, परत यायची, पडद्यावर उतरणारा आकडा बघायची. एकशेदहा. एकशेचार. याच वेळी सचिन, उधना, पांडेसरा या भागांत खरं पाणी थंड होत होतं आणि कोणीतरी झाकणाच्या मुठीला हात घालत होतं. तिचे वडील वाल्मिक लिंबायतमध्ये बावीस वर्षं लूमवर होते. मिलमध्ये माणूस घाईत कसा वागतो हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

योगिताने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. "दोन घास खा ताई."

"नंतर," हर्षदा म्हणाली. तिच्या मनात एकच चाललं होतं: निघेल कोणाचं नाव? कोणाचंही निघू दे.

साडेबाराला अकरावी खेप संपली. तारीख चार वर्षांपूर्वीची, चौदा जून. एका फटक्यात अडतीस फायली बदललेल्या. वर्णन दोन शब्दांचं, 'किरकोळ बदल'. आणि नाव: हर्षदा वाल्मिक पाटील.

तिने ते दोनदा वाचलं. तो दिवस तिला आठवेना. नोकरीला तेव्हा तिला सहा महिने झाले होते. कुलपाच्या नियमाला तिने कधी हात लावलेला नव्हता, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. मग आठवलं: तेव्हा ऑफिसात चाचणीचा एकच कॉम्प्युटर होता, त्यावर तिचं नाव चढवलेलं असायचं, आणि बसायचे दोघं. ती आणि तिचा तेव्हाचा सहकारी धम्मरत्न. तो दोन वर्षांपूर्वी हजीऱ्याच्या एका कारखान्यात लागला होता.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"बोल हर्षदा! इतक्या दिवसांनी?"

"धम्मरत्न, झाकणाच्या ऐंशीचे अठ्ठ्याण्णव तू केले होतेस का?"

पलीकडे कारखान्याचा आवाज कमी झाला; तो बाजूला गेला असावा.

"केले होते," तो म्हणाला. "एका मिलच्या रंगखात्याचा मास्तर मागे लागलेला, थंड व्हायला फार वेळ जातो म्हणून. किती वेळ वाचतो ते त्याला दाखवायला फक्त. खोट्या मशिनीवर. साठवलं नव्हतं मी ते. का? काय झालं?"

तिने आनंदाचं सांगितलं.

"अरे देवा. पण मी साठवलं नव्हतं, हर्षदा. खरंच."

"मी साठवलं," ती म्हणाली. "तू ते तसंच सोडून घरी गेलास. मी दुसऱ्या दिवशी जे काही पडलं होतं ते सगळं न बघता गोळा केलं आणि वर लिहिलं किरकोळ."

"माझं नाव घाल. मी विपुलभाईंशी बोलतो."

"तू बोल. पण नाव तिथे माझं आहे, ते राहू दे."

जिन्यावरून वर येताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिने विपुलभाईंपुढे यादी ठेवली. त्या चौदा जूननंतर बसवलेल्या किंवा नवं सॉफ्टवेअर घातलेल्या मशिनी तेवीस मिलमध्ये होत्या. आणि कोणामुळे झालं तेही सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्या.

विपुलभाई यादीकडे बघत राहिले. "ही जुनी नोंद... साफ करता येते ना? मिलवाले उद्या कागद मागतील."

"येते. मी करणार नाही. आज ती नसती तर आपल्याला एकसष्ट मिल शोधत फिरावं लागलं असतं."

त्यांनी यादी मधोमध फाडली. अर्धी तिच्या हातात दिली आणि अर्धी घेऊन स्वतः फोनला बसले.

पाचपर्यंत बावीस मिलशी बोलणं झालं. सचिन भागातली एक मिल फोन उचलेना. हर्षदा रिक्षाने निघाली. उधन्याच्या पुलावर गाड्या अडकल्या तेव्हा उतरून चालत जावं असं तिला दोनदा वाटलं.

मिलच्या रंगखात्यात वाफ, ओली फरशी आणि मशिनीपाशी साठीचा एक ऑपरेटर. पडद्यावर पंच्याण्णव दिसत होतं. कुलूप सुटल्याचा हिरवा दिवा लागलेला.

"मामा, उघडू नका!" ती दारातूनच ओरडली.

तो शांतपणे वळला. "नही उघाडस बेटा. आजून गरम शे." धुडकू नाव त्याचं. ती कोण, कशासाठी आली, ते त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तो दिवा खोटा शे. माले माहीत शे. मी पाईपले हात लाईसन देखस, मंगच उघाडस. नव्या पोरांनाही तेच शिकवलं."

"कधीपासून माहीत आहे?"

"मशीन बसाडं तैनपासून. तीन वरीस."

तीन वर्षं. "मग कळवलं का नाही कोणाला?"

"कोनले सांगू?" त्याने पडद्याकडे बोट केलं. "आठे कोनं नाव शे का, नंबर शे का?"

खरंच नव्हता. कोपऱ्यात फक्त कंपनीचं चिन्ह होतं. हर्षदाने मशीन दुरुस्त केली, पाणी ऐंशीच्या खाली येईपर्यंत थांबली, आणि दिवा त्यानंतरच लागतो हे धुडकूमामांना दाखवलं. त्यांनी तरीही पाईपला हात लावून पाहिला. जाताना तिने पॅनेलवर मार्करने आपला मोबाइल नंबर लिहिला.

आनंदा तीन आठवड्यांनी कामावर आला. हर्षदा त्याला दोनदा भेटून आली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, चूक कोणाचीही असो, फोन करायला नको होता का लगेच?" तिने "हो" म्हटलं.

त्यानंतर तिचा नंबर तेवीसही मिलमधल्या पॅनेलांवर लिहिला गेला. पहिल्याच आठवड्यात सात फोन आले. पाच निव्वळ तक्रारी होत्या, एक चुकून लागलेला. सातवा उधन्याहून एका ऑपरेटरचा होता. पाणी भरताना व्हॉल्व्ह कधी कधी उशिरा बंद होतो, म्हणाला, फार नाही, दोन-तीन सेकंद.

"कधीपासून?" हर्षदाने विचारलं आणि बोलता बोलताच नोंदी उघडल्या.