काढा आणि डब्यात ठेवा

मित्रांनो, आमच्या शाळेतल्या खेळाच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर, हवा गेलेल्या फुटबॉलच्या मागे हात घातलात, तर बोटांना एक थंडगार, पोचे पडलेली वस्तू लागेल. तो मी. ॲल्युमिनियमचा एक म्हातारा डबा. माझी कडी ढिली झाली आहे आणि अंगावरची चकाकी केव्हाच उडाली आहे. पण एके काळी या शाळेतल्या मुली आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू डोळे मिटून माझ्या स्वाधीन करत होत्या. थापा मारत नाही, ऐका तर खरं.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. यंत्राने पत्र्याला दाबून मला आकार दिला आणि एका कारागिराने माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. मग त्याने झाकण लावून पाहिलं. ते टक्कन बसलं, तसा तो शेजाऱ्याला म्हणाला, "हा काही सांडायचा नाही." एवढं कौतुक गाठीला बांधून मी बाजारात आलो.

मला विकत घेतलं ते एका तरुण बाईंनी. त्या शाळेत खेळ शिकवायला नुकत्याच लागल्या होत्या. सडसडीत बांधा, गळ्यात शिट्टी आणि चालणं असं ताठ की पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं. बाईंना ते कळलं होतं. त्यांनी कानाडोळा केला.

सुरुवातीला मी त्यांचा जेवणाचा डबा होतो. एकदा मैदानावर एक मुलगी लोंबती कानातली घालून धावायला आली. बाई म्हणाल्या, "काढ."

"पण बाई, ठेवू कुठे? खिसा नाहीये."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग मला नळाखाली धुतलं, रुमालाने कोरडं केलं, प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस आत पसरला आणि माझं तोंड तिच्यापुढे धरलं. तेव्हापासून माझ्या पोटात कधी जेवण आलं नाही.

रोज सकाळी मैदानाच्या कडेला रांग लागे. बाई एका टोकापासून सुरू करत. "कान दाखव. हात दाखव. बुटाची नाडी बांध. सदरा आत खोच. ही केसातली पिन लोखंडी आहे, काढ आणि डब्यात ठेव." अंगठ्या, साखळ्या, घड्याळं, पिना, रंगीत दोरे, सगळं माझ्यात यायचं. कुणी कुरकुरायचं, कुणी पाय आपटायचं. खेळ संपला की ज्याची वस्तू त्याला मिळायची. मित्रांनो, छातीला हात लावून सांगतो, माझ्यातून कधी एक पिनसुद्धा हरवली नाही.

एकदा एका धिटुकल्या मुलीने विचारलंच, "बाई, तुम्ही एवढ्या कडक का हो?" बाईंनी उजवा हात पुढे केला. त्यांचं अंगठीचं बोट मधल्या पेरापासून वाकडं होतं. "तुझ्याएवढी होते. व्हॉलीबॉलची जाळी बांधायला खांबावर चढले, वरून उडी मारली आणि अंगठी वरच्या हुकात अडकली. बोट वाचलं म्हणायचं." त्या दिवशी रांगेतल्या मुलींनी न सांगता अंगठ्या काढल्या.

अशी वर्षं गेली. मग शाळेत एक मुलगी आली. तिचं खरं नाव हजेरी घेतानाच ऐकू येई. बाकी सगळे तिला 'भिंगरी' म्हणत. ती चालायची कमी आणि पळायची जास्त. तिची आई घरी शिवणकाम करायची. भिंगरीच्या कानात मण्याएवढी निळी कानातली असत. ती माझ्यात ठेवताना दर वेळी कापूस नीट सारखा करायची, जणू बाळाला निजवते आहे. मला ती फार आवडायची.

बाईंनी तिच्यासह चार मुलींचा रिले शर्यतीचा संघ बांधला. उन्हातान्हात सराव चालला. हातातली कांडी दुसरीच्या हातात देताना पडू नये म्हणून त्या वर्गाबाहेर रांगेत उभ्या राहतानासुद्धा कांडीऐवजी पट्टी मागे देत-घेत असत. चौघींतली सर्वांत उंच मुलगी त्या वर्षानंतर दुसऱ्या गावी जाणार होती. म्हणून तिने चौघींसाठी एकसारखे दोरे विणले आणि प्रत्येकीच्या पायात आपल्या हाताने बांधले.

आंतरशालेय स्पर्धेचा दिवस उजाडला. बाईंच्या शिस्तीची ख्याती सगळीकडे पोचली होती, म्हणून संयोजकांनी त्यांनाच तपासणीच्या टेबलावर बसवलं. मी त्यांच्या कोपराशी होतो. नियम स्पष्ट होता. अंगावर दागिना नको, घड्याळ नको, दोराही नको. चिकटपट्टीने झाकलेलंही चालणार नाही. शर्यतीनंतर काही सापडलं तर खेळाडू किंवा संघ बाद.

सकाळच्या पहिल्याच शर्यतीला दुसऱ्या शाळेची, हिरव्या गणवेशातली एक मुलगी आली. तिच्या मनगटात धातूचं कडं होतं. लहानपणी घातलेलं. हात वाढला, कडं तेवढंच राहिलं. ती ओढून ओढून थकली, हाताची कातडी लालबुंद झाली. तिकडे शर्यतीचा पुकारा झाला.

"बाई, एवढ्या वेळेला चालवून घ्या ना," ती रडत रडत काकुळतीला आली.

"नियम सगळ्यांना सारखा. बस बाजूला." बाई मान वर न करता म्हणाल्या आणि पुढच्या मुलीचे कान पाहू लागल्या. ती मुलगी गवतावर बसली आणि आपलीच शर्यत तिने बसून पाहिली.

दुपारी रिलेची वेळ झाली. आमच्या तिघींनी दोरे सोडून माझ्यात ठेवले. भिंगरीच्या दोऱ्याची गाठ मात्र सुटेना. कापायला तिचं मन धजेना. तिने कानातली तेवढी माझ्यात ठेवली, मोजा वर ओढला आणि दोरा झाकला. बाईंनी स्वतःच्या मुलींवर नुसती नजर फिरवली. त्यांचा या मुलींवर भरवसा होता.

आणि काय पळाली हो भिंगरी! कांडी हातात आली तेव्हा ती तिसरी होती. वळणावर दुसरी झाली आणि शेवटच्या टप्प्यात तिने छाती पुढे काढून दोरी तोडली. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचायला लागल्या. मुख्याध्यापकांनी टोपी हवेत उडवली. बाई मला काखोटीला मारून धावत सुटल्या. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या जवळ पोचल्या आणि जागच्या जागी थबकल्या. उड्या मारताना भिंगरीचा मोजा घसरला होता. घोट्याला रंगीत दोरा दिसत होता.

दुसऱ्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. बाईंनी खाली वाकून मोजा वर ओढला असता, तर ती गोष्ट तिथेच मिटली असती. मी त्यांच्या काखेत होतो. त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते माझ्या पत्र्याला कळत होतं. त्या वळल्या आणि पंचांकडे गेल्या.

"माझा संघ बाद करा," त्या म्हणाल्या.

पंच बघतच राहिले. "अहो बाई, साधा दोरा तर आहे. कुणी तक्रारही केलेली नाही."

"मी करते आहे ना."

चषक दुसऱ्या शाळेला गेला. परतीच्या बसमध्ये उंच मुलगी खिडकीला डोकं टेकून मुसमुसत होती. बाईंनी माझं झाकण उघडलं आणि एकेकीची वस्तू परत केली. भिंगरीने हात पुढे केलाच नाही. "राहू देत तुमच्याकडेच," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मुख्याध्यापकांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. पालकही नाराज झाले. भिंगरीने मैदानाकडे पाठ फिरवली. निळी कानातली माझ्यात तशीच पडून राहिली. बाई दिवसातून एकदा तरी झाकण उघडून ती पाहत आणि हळूच बंद करत.

शेवटी एका संध्याकाळी त्या मला घेऊन भिंगरीच्या घरी गेल्या. बाहेर छोटीशी खोली, मध्ये शिलाई मशीन, खुर्चीवर बाह्या नसलेला सदरा, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. आईने पायाखालचं मशीन थांबवलं. भिंगरी बाईंना पाहताच स्वयंपाकघरात गेली, पण दार तिने पूर्ण लावलं नाही.

"बसा बाई," आई म्हणाली. "एक विचारू? रागावू नका. दोऱ्याने कधी कुणाचं बोट तुटतं का हो?"

"नाही तुटत."

"मग पोरींच्या तोंडातला घास का काढला?"

बाईंनी मला मांडीवर घेतलं. मग त्यांनी त्या कड्याची हकिगत सांगितली. "सकाळी एका परक्या मुलीला मी शर्यत पळू दिली नाही. ती कडं ओढून रडत होती. मग दुपारी माझ्याच मुलीच्या पायात दोरा दिसला तर मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा. मोजा वर ओढायचा?"

आईने खुर्चीवरचा सदरा उगाचच उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

दार करकरलं. भिंगरी उंबऱ्यात उभी होती. "ती मुलगी खूप रडली?"

"हो."

"तिला नंतर कुणी काही बोललं? म्हणजे, समजूत घातली?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "मी साधं वर पाहिलंसुद्धा नाही तिच्याकडे. नियम सांगितला आणि मोकळी झाले. ते मात्र चुकलं माझं."

भिंगरी खाली मान घालून पुटपुटली, "तिघींची शर्यत माझ्यामुळे गेली. तुमच्यावर चिडलं की ते तेवढं आठवायचं नाही, म्हणून मी चिडून बसले होते." आणि ती बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. तिचं कपाळ माझ्या झाकणाला लागलं होतं. मित्रांनो, मी पत्र्याचा, पण त्या दिवशी मलाही भरून आलं.

जाताना बाईंनी कानातली तिच्या तळहातावर ठेवली. "उद्या येशील मैदानावर?"

"येईन."

"कान मोकळे ठेवून ये हं," बाई म्हणाल्या आणि आईसुद्धा खुदकन हसली.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा तपासणीच्या टेबलावर बसल्या. नियम तोच होता, तिळभरही सैल झाला नव्हता. पण या खेपेला त्या पहाटेच मैदानावर हजर झाल्या आणि टेबलावर माझ्या शेजारी तेलाची बाटली, साबणाची वडी आणि छोटी कात्री मांडून ठेवली. सोबत भिंगरीला बसवलं. मुली आल्या तशा एकेकीला हाक मारून विचारलं, "काही अडकलंय का? आत्ताच सांगा, अजून भरपूर वेळ आहे."

हिरव्या गणवेशातली मुलगी आली. मनगटात तेच कडं. बाईंना पाहून तिचा चेहरा पडला. भिंगरीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, साबणाचा फेस चोळला आणि अंगठा आत दाबून कडं हळूहळू फिरवायला लागली. "दुखतंय?" "नाही." "खोटं बोलतेस." दोघी हसल्या. कडं सुळकन निघालं आणि खणखणत माझ्यात पडलं. कापूस होता तरी मला चांगलाच दणका बसला. हा बघा, तळाला पोचा आहे तो त्याचाच.

मग दोघी एकाच शर्यतीत पळाल्या. जिंकली ती हिरव्या गणवेशातली. भिंगरी दुसरी आली. धापा टाकत ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, ते कडं राहिलं असतं तर बरं झालं असतं." बाई एवढ्या हसल्या की त्यांची शिट्टी गळ्यात नाचायला लागली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पुसून कपाटात ठेवलं. नंतर नवे शिक्षक आले, नव्या पद्धती आल्या. मुलं वस्तू आपापल्या दप्तरात ठेवायला लागली. कुणी माझ्यात खिळे भरले, कुणी मैदान आखायचा चुना. माझा कापूस उंदरांनी नेला. वर्षानुवर्षं माझं झाकण कुणी प्रेमाने उघडलं नाही.

अगदी अलीकडची गोष्ट. एका चिमुरडीचा दुधाचा दात ऐन शर्यतीत पडला. ती मूठ मिटून रडत कपाटाशी आली. "सर, हा आईला दाखवायचाय. हरवला तर?" तरुण सरांनी खिसे चाचपले, कपाटात हात घातला आणि मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी चुना झटकला, मला आतून रुमालाने पुसलं, कागदाची घडी घातली आणि त्यावर तो तांदळाएवढा दात ठेवला. झाकण टक्कन बसलं. चिमुरडीने मला दोन्ही हातांनी कानाशी धरून हलवलं, दात वाजतो का ते ऐकलं, आणि मला सरांच्या टेबलावर ठेवून ती पुन्हा खेळायला पळाली.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर कुणी 'कान दाखव, हात दाखव' म्हणालं, तर चिडू नका. त्या माणसाने कुणाला तरी दुखापत झालेली पाहिली असेल. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन कुणाला 'हे काढ' म्हणाल, तेव्हा एवढं करा. त्याच्याकडे मान वर करून पाहा, आणि काढलेली वस्तू ठेवायला एखादा डबा पुढे धरा. जुना असला तरी चालेल. फक्त त्यात थोडा कापूस घाला.